‘क्रेग्ज वाइफ’ गावात दाखवताना आणि मंचावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमध्ये महिला बचत गट, वाचनालये, युवक मंडळे आणि हौशी नाटक मंडळींनी हा जुना अमेरिकन सिनेमा दाखवायचा ठरवला, की तेच ते प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत. आधी सिनेमाबद्दल, मग पडदा, आवाज आणि विजेबद्दल, आणि शेवटी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगमंचाबद्दल.

हा सिनेमा नेमका कोणता? एकाच गोष्टीचे दोन-तीन सिनेमे आहेत असे ऐकले.

बरोबर ऐकले. मूळ आहे जॉर्ज केली यांचे ‘क्रेग्ज वाइफ’ हे नाटक. ते १९२५ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आले आणि १९२६ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. त्यावर १९२८ मध्ये मूकपट निघाला. १९३६ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी डोरोथी आर्झनर यांनी त्याच नावाचा बोलपट केला. त्यात हॅरिएटची, म्हणजे क्रेगच्या बायकोची, भूमिका रोझलिंड रसेल यांनी आणि नवऱ्याची, म्हणजे वॉल्टर क्रेगची, जॉन बोल्स यांनी केली. १९५० मध्ये कोलंबियानेच ‘हॅरिएट क्रेग’ काढला. त्याचे दिग्दर्शक व्हिन्सेंट शर्मन, हॅरिएट जोन क्रॉफर्ड आणि वॉल्टर वेंडेल कोरी.

पहिल्यांदा दाखवायचा तर कोणता घ्यावा?

१९३६ चा. तो सुमारे सव्वा तासात संपतो, १९५० चा ९४ मिनिटे चालतो. पण लांबीपेक्षा मोठे कारण दिग्दर्शिका आहे. त्या काळात हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये सातत्याने दिग्दर्शन करणारी बाई म्हणजे एकट्या आर्झनर. पटकथा मेरी मॅकॉल यांची, संकलन व्हायोला लॉरेन्स यांचे. नवऱ्यावर हुकूमत गाजवणाऱ्या बाईची गोष्ट इथे बायकांनी सांगितली आहे आणि पाहताना तो फरक कळतो. हॅरिएट चुकते तेव्हा सिनेमा तिला सूट देत नाही, पण तिला भीती कशाची आहे तेही नजरेआड होऊ देत नाही.

१९५० च्या सिनेमातली हॅरिएट जास्त कठोर आहे. नवऱ्याला कामासाठी जपानला पाठवायचे ठरते, तेव्हा ती त्याच्या साहेबाकडे जाऊन खोटे सांगते आणि संधी घालवते. मूल होण्याबाबतही ती नवऱ्याशी खोटे बोललेली असते. तो सिनेमा दुसऱ्या बैठकीला ठेवा. पहिला पाहिलेल्यांना दोन्हींची तुलना करता येते.

थोडक्यात गोष्ट काय?

हॅरिएटने लग्न प्रेमासाठी केलेले नाही. स्वतःचे घर आणि स्वतःची सुरक्षितता मिळावी म्हणून केले आहे, आणि आपल्या भाचीला, इथेलला, ती हे उघडपणे सांगते. घरातली वस्तू बोटभर सरकलेली तिला चालत नाही. नवऱ्याचे मित्र येईनासे झाले आहेत. त्याची मावशी मिस ऑस्टिन घरातच राहते आणि हे सगळे पाहते. एका रात्री वॉल्टर फर्गस पासमोर या मित्राकडे पत्ते खेळायला जातो. त्याच रात्री पासमोर बायकोला मारून स्वतःही मरतो. नवरा कुठे गेला होता हे शोधायला हॅरिएट टेलिफोनवर चौकशी करते आणि नेमक्या त्याच चौकशीमुळे पोलीस तिच्या दारात येतात. वॉल्टर म्हणतो, मी जाऊन खरे काय ते सांगतो. ती त्याला अडवते, कारण तिला त्याच्याआधी घराची अब्रू दिसते. तिथे त्याचे डोळे उघडतात. दिवाणखान्यातली तिची लाडकी शोभेची वस्तू तो फोडतो. मावशी जाते, घर सांभाळणारी मिसेस हॅरॉल्ड जाते, वॉल्टर जातो आणि हॅरिएट घरात एकटी उरते.

म्हणजे ‘कजाग बायको’चीच गोष्ट ना?

नाही. हा समज बैठक सुरू होण्याआधीच दूर करा, नाहीतर पुढे मागच्या रांगांतून हसण्याखेरीज काही ऐकू येणार नाही. हॅरिएट एकदाही आरडाओरडा करत नाही. ती हळू आवाजात, नीटनेटके बोलून माणसे तोडते.

आणि तिच्या वागण्याला मूळ आहे. केलींच्या नाटकात ती आपल्या आईबद्दल सांगते. बापाने दुसऱ्या बाईसाठी राहते घर गहाण टाकले, आईला पत्ताही नव्हता, आणि कळले तेव्हा त्या धक्क्यातून ती उठली नाही. ही गोष्ट अमरावती-यवतमाळकडच्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर सासऱ्याच्या नावावर आणि कर्जाचा कागद कुठे तिलाच ठाऊक नाही, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे बायकोच्या नावावर जमीन करून देण्यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली, ती याच दुखण्यावर. हॅरिएटचे दुखणे खरे आहे. उपाय तिने चुकीचा निवडला: जी सुरक्षितता कागदावर आणि विश्वासावर उभी राहायला हवी, ती तिने माणसांना मुठीत ठेवून मिळवायला पाहिली. चर्चा घ्यायची असेल तर इथे घ्या.

आमच्याकडे अर्धा सिनेमा होईपर्यंत बायका हॅरिएटचेच कौतुक करतात. कुठे चुकते?

काही चुकत नाही. घर लख्ख ठेवणारी, पैसा उडू न देणारी बाई आपल्याकडे गुणाचीच समजतात. चपला दाराबाहेर काढणे ही तर रोजची रीत, त्यामुळे तिचे नियम सुरुवातीला कुणालाच जाचक वाटत नाहीत. ते कौतुक होऊ द्या. निवेदन करणाऱ्या बाईने फक्त नजर एका ठिकाणी वळवायची: या घरी येते कोण? शेजारच्या मिसेस फ्रेझर गुलाब घेऊन येतात, त्यांचे स्वागत कसे होते ते पाहा. ज्या घरी पावणा येत नाही, बाजेवर बसून कुणी चहा घेत नाही, त्या घराबद्दल गावात काय बोलतात हे सगळ्यांना माहीत असते. साधारण मध्यानंतर कौतुक आपोआप थांबते.

घराच्या सजावटीकडे लक्ष द्या असे का म्हणतात?

कारण या सिनेमात घर हेच मोठे पात्र आहे. आतली सजावट विल्यम हेन्स यांची. ते आधी मूकपटांचे नामवंत नट होते, नंतर सजावटकार झाले. दिवाणखाना देखणा आहे आणि थंड आहे. खुर्च्या बसण्यासाठी नाहीत, पाहण्यासाठी मांडल्या आहेत. हॅरिएट त्या खोलीतून चालते तेव्हा तिचा हात वस्तूंवरून कसा फिरतो आणि माणसांना कसा टाळतो ते बघा. रसेल तेव्हा तिशीच्याही आत होत्या. एवढ्या लहान वयात इतका आवरलेला अभिनय क्वचितच पाहायला मिळतो.

इंग्रजी कळत नाही. चित्राखाली मराठी मजकुराची पट्टी लावावी की तोंडी सांगावे?

दोन्ही जमले तर उत्तम, एकच जमणार असेल तर तोंडी. वयस्क बायकांपैकी बऱ्याच जणींना पट्टी त्या वेगाने वाचता येत नाही. पट्टी करायचीच असेल तर एका वेळी दोन ओळी, ओळीत ३५ च्या आसपास अक्षरे, आणि प्रत्येक पट्टी किमान दोन सेकंद टिकली पाहिजे. संवाद शब्दशः उतरवू नका, आशय उतरवा.

तोंडी निवेदन बाईनेच करावे आणि त्या भागाच्या बोलीत करावे: पश्चिमेकडे वऱ्हाडी, पूर्वेकडे झाडीबोली. सिनेमा आधी दोनदा पाहून वहीत वेळा टिपून ठेवायच्या. निवेदनाच्या वेळी सिनेमाचा आवाज पूर्ण बंद करायचा नाही, एक तृतीयांशावर आणायचा. आवाज साफ गेला की पात्रांचे चेहरेही मेल्यासारखे वाटतात. भाची सिनेमातल्या हॅरिएटला मावशी म्हणणार आणि वॉल्टरची मावशीही घरात, त्यामुळे मिस ऑस्टिनला सुरुवातीपासून ‘मोठ्या मावशी’ म्हणा. नाहीतर कोण कोणाची यातच दहा मिनिटे जातात.

सिनेमा तीन ठिकाणी थांबवून दोन-दोन मिनिटे बोला: हॅरिएट आणि भाचीचे लग्नाबद्दलचे बोलणे झाल्यावर, टेलिफोनच्या चौकशीनंतर, आणि पोलीस घरी येऊन गेल्यावर. तरुण मुलांना टेलिफोनचा भाग समजत नाही. तेव्हा नंबर लावायला मधे ऑपरेटर असायची आणि कोणी काय विचारले हे तिच्याकडून पोलिसांना कळू शकायचे, एवढे सांगितले की पुरे. वस्तू फोडण्याच्या प्रसंगानंतर शेवटपर्यंत एक शब्दही बोलू नका.

पडदा आणि प्रोजेक्टर कसा लावायचा?

शंभर-सव्वाशे माणसांसाठी ८ फूट रुंद चित्र पुरते आणि अंधार पडल्यावर ३००० ल्युमेनचा भाड्याचा प्रोजेक्टर चालतो. हा सिनेमा जुन्या, जवळपास चौकोनी मापाचा आहे (१.३७ ला १), म्हणून ८ फूट रुंदीला उंची पावणेसहा फुटांच्या आसपास येते. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे चित्र ताणून रुंद पडदा भरणे. चेहरे पसरट होतात आणि घराचे उंच खांब बुटके दिसतात. प्रोजेक्टरच्या मेनूत चित्राचे माप ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा.

प्रोजेक्टर किती दूर? बहुतेक साध्या यंत्रांना रुंदीच्या दीडपट अंतर लागते. ४:३ च्या जुन्या यंत्राला १२ फूट, तर १६:९ च्या नव्या यंत्राला साडेपंधरा फूट, कारण त्यात दोन्ही बाजूंचा काळा भागही मोजावा लागतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट, पहिली सतरंजी पडद्यापासून ९ फूट, शेवटची रांग ३५ फुटांच्या आत.

पडद्याला मांजरपाट दुहेरी करून घ्या, मागून काळे कापड शिवा. एकेरी चादरीतून उजेड पार जातो आणि चित्र धुरकट होते. बांबूच्या चौकटीला चारही बाजूंनी ताणून बांधा, कारण वारा आला की सैल कापड शिडासारखे फुगते. पावसाळ्यात नि पावसानंतरच्या महिन्यात पाखरे भिंगावर झेपावतात. प्रेक्षकांच्या मागे, वीस फुटांवर एक साधा बल्ब लावून ठेवा, पाखरे तिकडे जातात.

आवाज नीट कळत नाही, सगळे घोंगावते. काय करावे?

भोंगा लावला असेल, तो काढा. लग्नाच्या वरातीचे मोठे बेसही नकोत. १९३६ चा आवाज मुळात बारीक, एकाच मार्गावरचा. दोन साधे बॉक्स स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर ठेवा. मिक्सरवर बेस बराच खाली, मधला सूर किंचित वर. शाळेच्या वर्गात दाखवत असाल तर मागच्या भिंतीला सतरंजी किंवा ताडपत्री टांगा. रिकाम्या भिंतीमुळे शब्द दोनदा ऐकू येतात.

मधेच वीज गेली तर?

जाणारच, असे धरून चाला. कनेक्शन गावठाण फीडरवरचे, म्हणजे गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवरचे घ्या, शेतीपंपांच्या फीडरवरचे नको. रब्बीत पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि प्रोजेक्टर स्वतःहून बंद होतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. दिव्याचा प्रोजेक्टर २५० ते ३०० वॅट खातो. ६०० व्हीएचा यूपीएस त्याला काही मिनिटे धरतो, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. जनरेटर नसेल तरी यूपीएस लागतो: दिवा विझल्यावर पंखा चालू राहून यंत्र थंड झाले पाहिजे, एकदम वीज तुटली तर दिवा लवकर खराब होतो. जनरेटर शंभर फूट दूर, भिंतीआड. या सिनेमात शांतता फार महत्त्वाची आहे.

कोणता काळ बरा?

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नको, बायका थकलेल्या असतात. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींकडे जातात-येतात, तो काळ चांगला. फक्त कार्यक्रमाला ‘हळदीकुंकू’ हे नाव देऊ नका. त्या नावाने विधवा बायका घरी राहतात. ज्यांच्याकडे घर आणि जमिनीबद्दल सांगण्यासारखे सगळ्यात जास्त आहे, त्याच मग बैठकीत नसतात.

लहान मुले चालतील का? खून आणि आत्महत्या आहे म्हणता.

अंगावर येणारे दृश्य नाही, पण प्रसंग जड आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी शेजारच्या खोलीत दुसरे काही ठेवा. आपल्या भागात आत्महत्येने माणूस गमावलेली घरे बरीच आहेत, म्हणून सुरुवातीलाच माइकवरून सांगा की गोष्टीत असा प्रसंग आहे, कुणाला उठून जावेसे वाटले तर जावे. मन मोकळे करण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि महिला मदतीसाठी १८१ हे क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पासमोरचे कृत्य ‘बायकोच तशी होती’ म्हणून कोणी झटकू लागले तर चर्चा चालवणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवावे.

चर्चा रंगत नाही. काय विचारावे?

‘हॅरिएट चांगली की वाईट’ विचारले की दोन गट पडतात आणि संपते. त्याऐवजी ठोस विचारा. वॉल्टरला मित्राकडे जायला लपवाछपवी का करावी लागली? पोलिसांकडे जाऊ नको म्हणताना ती नेमके काय वाचवत होती? घर दोघांच्या नावावर असते तर ती अशी वागली असती का? बैठकीत पुरुष असतील तर हेही विचारा: वॉल्टरला इतकी वर्षे काहीच कसे दिसले नाही? तोही या लग्नाचा भागीदार आहे. फोन तपासणे, मित्र-नातेवाईक तोडणे, एकमेकांपासून कागद लपवणे, हे नवरा करो की बायको, जाच तो जाचच.

कायद्याची माहिती देणारे कोणी आले असेल तर दोन गोष्टी जरूर सांगायला लावा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे घर कोणाच्याही नावावर असले तरी बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क आहे. आणि त्याच वर्षीच्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला.

परवानगी लागते का?

लागते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचा नियम आहे, आणि विकत मिळणारी डिस्क घरगुती वापरासाठी असते. नोंदणीकृत फिल्म सोसायटीमार्फत, सभासदांसाठी बैठक घेणे हा सोपा रस्ता. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे चालतो आणि नाटककाराचा त्याच्या निधनानंतर ६० वर्षे. केली १९७४ मध्ये गेले. परदेशी कृतींना आणखी काही नियम लागतात, म्हणून मराठी रूपांतर करण्याआधी जाणत्या वकिलाचे लेखी मत घ्या. मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, ते वेगळेच.

झाडीपट्टीत हे नाटक चालेल का?

चालेल, आणि चांगले चालेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याचा प्रेक्षक कौटुंबिक नाटकासाठी मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री तिकीट काढून बसतो. मूळ नाटक संध्याकाळी साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संपते, एकाच खोलीत, तीन अंकांत. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाला याहून सोयीचा आराखडा कोणता? सेट एकच, वडसाच्या नाटक मंडळींना ट्रकमध्ये न्यायला सोपा.

अडचण लांबीची आहे. मूळ नाटक दोन-अडीच तासांचे, आपल्याला पाच तास लागतात. लांबी वाढवायची तर मावशी, भाची आणि घरकाम करणाऱ्या मेझीच्या प्रसंगांत वाढवा. विनोदी नटाची जागा मेझीच्या भोवती आपोआप तयार होते. गाणी पहिल्या दोन अंकांतच घ्या. तिसऱ्या अंकात लावणी घुसवली तर नाटक मोडते, मग प्रेक्षक कितीही शिट्ट्या मारोत. पासमोरची हत्या मंचावर दाखवू नका, ती बातमी म्हणूनच आली पाहिजे.

वॉल्टरला राईस मिलचा मालक करा, ब्रह्मपुरी-वडसा भागात तो लगेच ओळखीचा वाटतो. ऑपरेटरच्या जागी मोबाईलची कॉल हिस्ट्री येते. मूळात वॉल्टर बंड म्हणून दिवाणखान्यात सिगारेट ओढतो. सिगारेटच्या जागी खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणू नका, टाळ्या मिळतील पण व्यसनाला मान मिळेल. चिखलाच्या पायांनी दिवाणावर बसू द्या, तेवढ्याने हॅरिएटचा चेहरा हवा तसा बदलतो.

वॉल्टर फोडतो ती शोभेची वस्तू, म्हणजे मंचावर फुलदाणी, रोज फोडायची कशी?

काच आणि खरी चिनी माती दोन्ही नको. मंचावर नट अनवाणी असतात आणि पुढची रांग हाताच्या अंतरावर. कुंभाराकडून पातळ काठाची, कमी भाजलेली मातीची फुलदाणी घडवून घ्या, उंची ९ ते १० इंच. पूर्ण भाजलेली असेल तर ती फुटत नाही, घरंगळत जाते आणि प्रेक्षक हसतात. आतून पातळ मलमलीचा तुकडा खळीने चिकटवा, म्हणजे तुकडे उडत नाहीत. बाहेरून पांढरा रंग, वर निळी नक्षी आणि वार्निशचा एक हात, दुरून ती चिनी मातीचीच दिसते. बुडाशी करवतीने दोन उथळ खाचा घ्या. नटाने फेकायची नाही, समोर धरून विटेवर सोडायची. वीट गालिच्याखाली लपवलेली असते आणि तिची जागा तालमीत खडूने ठरवून ठेवायची. प्रत्येक प्रयोगाला दोन नग हवेत, एक रस्त्यातच फुटतो. विंगेत झाडू घेऊन माणूस उभा ठेवा. पण त्याने लगेच आत येऊ नये: नाटक संपेपर्यंत ते तुकडे तसेच पडलेले राहतात आणि ते उचलायला हॅरिएट वाकत नाही, हे दिग्दर्शकाने नटीला पहिल्या तालमीपासून सांगून ठेवावे.